४२ हजार डॉलरचं घर आणि फर्नेसवरचं कार्ड

प्रिय ताई,

आम्ही क्लीव्हलंडच्या पूर्वेकडच्या एका उपनगरात गेली ६ वर्षं भाड्यानं राहतोय. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, नवरा एका लहान कारखान्यात क्वालिटीचं काम बघतो. मुलगी दुसरीत आहे. ग्रीन कार्ड गेल्या वर्षी हातात आलं. शिल्लक म्हणाल तर ६८ हजार डॉलर. आमच्या भागात घरांना उठाव नाही, विक्रीच्या पाट्या वर्षवर्षभर लागून असतात. अशात बँकेनं जप्त केलेलं एक घर ४२ हजारांना निघालंय. विटांचं, १९२६ सालचं, तीन बेडरूम. नवरा म्हणतो, बँकेकडून कशाला, शेरीफच्या (जिल्ह्याच्या पोलीस अधिकाऱ्याच्या) लिलावात थेट घेतलं तर आणखी स्वस्त पडेल. त्यानं दोन घरं हेरूनही ठेवलीत. सासूबाई नाशिकहून फोनवर सांगतात की दुसऱ्याला बेघर करून मिळालेलं घर लाभत नाही, तळतळाट लागतो. मला दोघांचंही अर्धं अर्धं पटतं आणि रात्री झोप लागत नाही. घर घ्यावं का? घ्यायचं तर कुठून?

– एक वाचक, ओहायो

प्रिय मैत्रीण,

शेरीफच्या लिलावाला जाऊ नका. निदान आयुष्यातलं पहिलं घर घेताना तरी नको. बँकेच्या नावावर आलेल्या घराचा विचार जरूर करा, पण ४२ हजार ही त्या घराची किंमत आहे असं धरून करू नका. हे दोन्ही आधीच सांगून टाकते, कारण पत्रावरून वाटतंय की तुमच्या घरात वाद स्वस्त-महागाचा चाललाय. माझ्या मते बघायची गोष्ट वेगळी आहे: पैसे मोजण्याआधी तुम्हाला त्या घराच्या आत पाऊल टाकता येतंय का?

तुमच्या नवऱ्याचं म्हणणं खोटं नाही. लिलावात खरोखर स्वस्त मिळतं. ओहायोत गहाण घराची जप्ती कोर्टामार्फतच होते. हप्ते थकले की बँक दावा लावते, निकाल घेते आणि मग शेरीफ घर विकायला काढतो. पहिल्या लिलावात ठरवलेल्या मूल्याच्या दोन तृतीयांशाच्या खाली घर देता येत नाही. त्यात कुणी घेतलं नाही तर थोड्याच दिवसांत दुसरा लिलाव होतो आणि त्याला तळाची बोलीच नसते. हे वाचून कुणाच्याही तोंडाला पाणी सुटेल.

पण ते मूल्य ठरवणारी माणसं पुष्कळदा घर रस्त्यावरून बघून आकडा लिहितात. त्यांनाच आत जाता येत नाही तिथे तुम्हाला कोण जाऊ देणार? आत कुणी राहत असेल तर आत जाऊन बघण्याचा तुम्हाला हक्क नाही. मूल्य १० हजारांहून जास्त आणि २ लाखांपर्यंत असेल तर अनामत ५ हजार डॉलर भरायची, आणि कोर्टानं विक्री कायम केली की ३० दिवसांत बाकीची सगळी रक्कम. आतून न पाहिलेल्या घरावर इतक्या घाईत कर्ज देणारी बँक शोधून सापडणार नाही, म्हणजे पैसे रोख हवेत. त्यातही कोर्ट विक्री कायम करेपर्यंत जुना मालक निकालातली पूर्ण रक्कम आणि खर्च भरून घर सोडवून नेऊ शकतो. तसं झालं तर तुमचे पैसे परत मिळतील, पण दोन महिने लटकण्यात जातील. घरावर फेडरल (केंद्र सरकारच्या) कराचा बोजा असेल तर आणखी वेगळंच: लिलावानंतर १२० दिवसांपर्यंत ते घर सोडवून घेण्याचा हक्क सरकारकडे असतो. म्हणजे चार महिने तुम्ही छप्पर बदलायचं की नाही या विचारात बसून राहायचं.

या लिलावांत बोली लावणारे लोक वेडे नसतात. त्यांच्याकडे स्वतःचा प्लंबर असतो, स्वतःचा छपरवाला असतो आणि वर्षाला दहा-पंधरा घरं असतात. त्यांतली दोन बुडाली तरी बाकीची भरून काढतात. तुमच्याकडे एकच घर असणार आणि तेच बुडालं तर मुलीला घेऊन परत भाड्याच्या घरात, तेही रिकाम्या खिशानं. नवऱ्याला हे असं सांगून बघा. त्याचा क्वालिटीचाच धंदा आहे. एकही नग न तपासता तो ट्रकभर माल उतरवून घेईल का?

कागदांचं थोडं बोलते, कारण या बाबतीत तुमच्या गावाला जुना इतिहास आहे. ऑक्टोबर २००७ मध्ये क्लीव्हलंडच्या फेडरल कोर्टात न्यायाधीश ख्रिस्तोफर बॉइको यांनी डॉइश बँकेच्या ट्रस्ट कंपनीचे जप्तीचे १४ दावे एका फटक्यात काढून टाकले. कारण साधं होतं. दावा लावला तेव्हा ती गहाणखतं आपल्याच मालकीची आहेत हे बँकेला दाखवता आलं नाही. त्या काळात कर्जं बांधून बांधून पुढे विकली जात होती, एकाची दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला, आणि कागद मात्र मागेच राहत होता. मॅसॅच्युसेट्समध्ये तर गोष्ट आणखी पुढे गेली. तिथल्या सर्वोच्च कोर्टानं जानेवारी २०११ मध्ये अशाच कारणानं जप्तीच्या दोन विक्र्या रद्दच ठरवल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात जप्तीनंतर बँकेकडून जागा घेतलेल्या एका माणसाला सांगितलं की बँकेलाच मालकी मिळाली नव्हती, तेव्हा तुलाही ती मिळालेली नाही. त्यानं पैसे रीतसर मोजले होते.

आज कागद तेव्हापेक्षा बरे असतात. तरी टायटल सर्च (मालकीच्या कागदांची तपासणी) केल्याशिवाय आणि तुमच्या स्वतःच्या नावानं ओनर्स टायटल इन्शुरन्स (मालकीत खोट निघाली तर भरपाई देणारा विमा) घेतल्याशिवाय सही करू नका. लेंडरची पॉलिसी वेगळी असते, ती कर्ज देणाऱ्याला वाचवते, तुम्हाला नाही. आणि तुम्ही रोखीनं घेतलंत तर पॉलिसी घ्याच असं तुम्हाला कुणीच सांगणार नाही. रोखीच्या खरेदीत माणसं नेमकी इथेच पैसे वाचवायला जातात. बँक जे खरेदीखत देते त्यात हमी तोकडी असते, कधी कधी अजिबातच नसते. शेजाऱ्याकडून घर घेताना मिळतं तसलं भरभक्कम खत इथे मिळेल ही अपेक्षा ठेवू नका.

आता बँकेच्या घराकडे येऊ. लिलावात कुणी घेतलं नाही की बहुतेक वेळा बँकच ते घर आपल्या नावावर घेते आणि एजंटामार्फत विकायला काढते. बँकेला त्या घराची माया नसते. दर महिन्याला तिला कर भरायचा असतो, विमा भरायचा असतो, गवत कापून घ्यायचं असतं, नाहीतर गावाची दंडाची चिठ्ठी येते. त्यामुळे ती भावात ऐकते. घर किती दिवसांपासून बाजारात आहे आणि भाव आजवर कितीदा उतरवलाय, हे एजंटाला पहिल्याच भेटीत विचारा. बँक एकही खिळा ठोकून देणार नाही, 'आहे तसं घ्या' हेच तिचं धोरण असतं. पण आत जाऊन बघू देते, तपासणी करू देते, आणि माझ्या लेखी सगळा फरक तिथेच आहे. आणखी एक गोष्ट पथ्यावर पडेल. फॅनी मे (गृहकर्जं विकत घेणारी कंपनी) किंवा हड (सरकारचं गृहनिर्माण खातं) यांच्या ताब्यातलं घर असेल तर पहिले काही दिवस ते फक्त स्वतः राहायला जाणाऱ्यांसाठी राखून ठेवतात, गुंतवणूकवाल्यांना तेव्हा बोली लावता येत नाही. त्याच्या बदल्यात एक वर्ष तरी तिथे राहू असं लिहून द्यावं लागतं. तुम्ही तर राहणारच आहात.

'आहे तसं' म्हणजे काय, ते माझ्याच घरावरून सांगते. २०११ साली मी असंच बँकेचं घर घेतलं, तेही ओहायोतच, ३८ हजारांना. कमोडच्या झाकणावर निळ्या टेपनं कागद चिकटवला होता की पाणी काढून टाकलंय, नळ सोडू नका. हिवाळ्यात रिकाम्या घराचे पाइप गोठून फुटू नयेत म्हणून बँकेचे कंत्राटदार असं करतात. कागद चिकटवला होता, पण वरच्या मजल्याच्या एका भिंतीतलं पाणी काही काढलं नव्हतं. इन्स्पेक्शनच्या दिवशी पाणी बंदच होतं आणि ते सोडून घ्यायचा आग्रह मी धरला नाही. त्यासाठी बँकेची लेखी परवानगी लागत होती, दोन आठवडे जाणार होते आणि मला घाई होती. खरेदी झाल्यावर तिसऱ्या दिवशी मी कौतुकानं पाणी सोडलं. तासाभरात डायनिंग रूमचं छत टेबलावर होतं.

नुकसान नेमकं किती झालं ते आज आठवत नाही. पण त्या घरावर पहिल्या दोन वर्षांत मी खरेदीपेक्षा जास्त पैसा घातला हे पक्कं आठवतं, कारण तेव्हा त्याचा हिशेब मी नवऱ्यापासून लपवत होते.

तेव्हा पाणी, वीज आणि गॅस, तिन्ही चालू करून घेतल्याशिवाय इन्स्पेक्शन करू नका. दोन आठवडे लागले तर लागू देत. इन्स्पेक्टर एजंटानं सुचवलेला नको, तुम्ही स्वतः शोधलेला हवा. त्याच्याबरोबर पूर्ण वेळ फिरा आणि नवऱ्यालाही न्या. सांडपाण्याच्या लाइनीत कॅमेरा घालून बघायला काहीशे डॉलर लागतात. ते वाचवायला जाऊ नका. १९२६ च्या घराची ती लाइन मातीच्या भाजलेल्या नळ्यांची असण्याचा संभव मोठा, आणि शंभर वर्षांत बाहेरच्या मेपलची मुळं तिच्यात शिरली नसतील तरच नवल. वायरिंग जुन्या पद्धतीचं, चिनीमातीच्या बुट्ट्यांवरून नेलेलं असेल तर आधी विमा कंपनीला फोन करा, कारण काही कंपन्या अशा घराचा विमाच उतरवत नाहीत. १९७८ च्या आधीच्या घरात शिशाचा रंग असणार हे धरूनच चाला. तुमची मुलगी दुसरीत आहे म्हणजे रांगण्याचं वय सरलंय, पण खिडक्यांच्या चौकटी खरवडायच्या आधी तो विषय नीट समजून घ्या. तळघरात शिरलात की भिंती बघायच्या आधी नाक वापरा. ताजा पांढरा रंग दिलेलं तळघर दिसलं की मला तर जास्तच भीती वाटते. रिकाम्या घरात रंग देण्याची हौस कुणाला आणि कशासाठी आली?

तांब्याच्या नळ्या जागेवर आहेत ना, तेही बघून घ्या. हसू नका. रिकाम्या घरांतून त्या रात्रीत कापून नेतात.

विम्याबद्दल अजून एक. घर घेतल्यावर डागडुजीसाठी ते काही महिने रिकामं ठेवणार असाल तर साधी होमओनर्स पॉलिसी पुरत नाही. ३० किंवा ६० दिवस घर रिकामं राहिलं की बऱ्याच पॉलिसींतून तोडफोडीचं संरक्षण गळून पडतं. रिकाम्या घराची वेगळी पॉलिसी असते. महाग असते, पण असते.

घराचं खूप झालं. आता गल्ली. मला विचाराल तर घराआधी तीच बघायला हवी होती. बाजार पडलेला असताना घर स्वस्त होतं ते बहुतेक वेळा घरामुळे नाही, शेजारामुळे. क्लीव्हलंडचं स्लाव्हिक व्हिलेज २००७ च्या सुमारास जप्त्यांसाठी देशभर गाजलं. तिथली घरं काही एका रात्रीत मोडकळीला आली नव्हती. एक रिकामं झालं, त्यातल्या नळ्या गेल्या, मग बाहेरचे पत्रे गेले, मग शेजारच्याच्या घराचा भाव उतरला, त्याला फेरकर्ज मिळेना, त्याचेही हप्ते थकले. जानेवारी २००८ मध्ये क्लीव्हलंड शहरानं २१ बँका आणि वित्तसंस्थांवर या नुकसानीचा दावा लावला होता, तो कोर्टात टिकला नाही. पुढे २००९ मध्ये कायाहोगा कौंटीनं (क्लीव्हलंडच्या जिल्ह्यानं) लँड बँक, म्हणजे पडीक घरं ताब्यात घेणारी संस्था, उभी केली, तिनं हजारो पडीक घरं पाडली आणि काही सुधारून विकली. लँड बँकेची ही वाटही तुम्ही बघून ठेवा. त्यांच्या एका योजनेत ठरलेली डागडुजी पूर्ण होईपर्यंत खरेदीखत राखून ठेवतात आणि काम पास झालं की तुमच्या नावावर करतात. घाई असणाऱ्यानं तिकडे जाऊ नये, पण निदान घराला काय काय लागणार त्याची यादी तरी हातात मिळते.

तर एका शनिवारी सकाळी आणि एका कामाच्या दिवशी रात्री नऊ वाजता, असं दोनदा त्या गल्लीतून पायी फिरा. घराच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन चौक. गाडीतून नको, गाडीतून सगळं ठीकच दिसतं. वही घेऊन घरं मोजा: किती घरांवर प्लायवूड ठोकलंय, कुठे गॅसचा मीटर काढून नेलाय, कुठे पायऱ्यांवर पत्रकांचा ढीग साचलाय. समोरच्या आणि लगतच्या घरांचे मालक कोण आणि त्यांचा कर थकलाय का, हे कौंटीच्या वेबसाइटवर फुकट बघता येतं. लगतचं घर दूरच्या राज्यातल्या कुठल्याशा कंपनीच्या नावावर असेल आणि दोन वर्षांचा कर थकला असेल तर तुमच्या ४२ हजारांचं कारण तिथेच सापडलं म्हणून समजा. गवत कापणारा, बर्फ काढणारा कुणी म्हातारा भेटला तर थांबून बोला. तो जे सांगेल ते एजंटाच्या कागदात नसतं. दोन चौकांमधल्या पट्ट्यात दोन घरं रिकामी असली तर मी घाबरणार नाही. सहा असली तर घर कितीही देखणं असो, मी परत फिरेन.

त्यानंतर गावाच्या हाउसिंग खात्यात जा. क्लीव्हलंड हाइट्स, शेकर हाइट्स यांसारख्या उपनगरांत घर विकण्याआधी गाव स्वतः तपासणी करतं आणि निघालेल्या दोषांची यादी करतं. विकणाऱ्यानं ते दुरुस्त केले नाहीत तर पैसे एस्क्रोमध्ये (तिऱ्हाइताकडे) अडकवून ती जबाबदारी घेणाऱ्यावर येते. तुमच्या उपनगरात ही पद्धत आहे का ते विचारा. असेल तर ती यादी मागून घ्या. फुकटात मिळालेला दुसरा इन्स्पेक्टरच तो.

बाजार वर येईल का, हे तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण नवऱ्याच्या डोक्यात ते असणार. घरांच्या भावांचा देशभराचा केस-शिलर निर्देशांक २००६ च्या शिखरावरून २०१२ च्या तळापर्यंत सुमारे २७ टक्के उतरला. २००९ मध्ये 'आता याहून खाली काय जाणार' म्हणून घेणारे पुष्कळ होते आणि त्यांनी आणखी तीन वर्षं घसरण पाहिली. शिवाय देशाचा बाजार सावरला म्हणजे तुमची गल्ली सावरेलच असं नाही. ज्या गावातून माणसं निघून जातात तिथे घरं उरतात, आणि उरलेल्या मालाला भाव येत नाही. म्हणून मी एवढंच विचारेन: हे घर दहा वर्षं जसंच्या तसं ४२ हजारांवर राहिलं, तरी तुम्ही दोघं त्यात सुखानं राहाल का? वाचलेलं भाडं हाच तुमचा नफा धरा. पाच वर्षांत दुसऱ्या राज्यात नोकरी बघायची असेल तर घेऊ नका, विकायला पुन्हा वर्षभर पाटी लावून बसावं लागेल.

आता ६८ हजारांचं बोलू. ४२ रोख दिले, टायटल, इन्स्पेक्शन, विमा यांचे तीनएक हजार गेले, दहा हजार अडीअडचणीला बाजूला ठेवले (ठेवाच, मुलगी आहे), की डागडुजीला तेरा उरतात. रिकाम्या राहिलेल्या शंभर वर्षांच्या घराला तेरा हजार म्हणजे उंटाच्या तोंडी जिरं. तेव्हा दोन वाटा आहेत. एक, इन्स्पेक्शनच्या कागदावरून दुरुस्तीचे अंदाज घ्या आणि तेवढे भावातून कमी करून मागा. बँकेनं नाही म्हटलं तर महिनाभरानं पुन्हा तेवढेच मागा. दुसरी वाट म्हणजे एफएचएचं (गृहकर्जाला हमी देणाऱ्या सरकारी खात्याचं) २०३-के कर्ज. यात घराची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च दोन्ही एकाच कर्जात बसतात. त्याच्या लहान प्रकारात दुरुस्ती ७५ हजारांपर्यंत चालते, आणि क्रेडिट स्कोअर बरा असेल तर पदरचे साडेतीन टक्के पुरतात. अडचण दुहेरी आहे. कागदपत्रांना वेळ लागतो, आणि इतकं लहान कर्ज द्यायला बँका नाक मुरडतात, कारण लहान कर्जाला मोठ्याइतकीच मेहनत आणि कमाई मात्र कमी. गावातल्या क्रेडिट युनियनपासून (सभासदांच्या पतसंस्थेपासून) सुरुवात करा.

करातही एक मेख आहे. ओहायोत मालमत्ता कर एक वर्ष मागे चालतो, म्हणजे यंदाचं बिल पुढच्या वर्षी येतं. क्लोजिंगला, म्हणजे खरेदी पूर्ण होताना, बँकेकडून तिच्या दिवसांचा कर वळता करून घेतलाय ना ते कागदावर बघा. पाणी आणि सांडपाण्याची थकबाकीही करात चढू शकते, तिचाही आकडा लेखी घ्या. आणि 'आम्ही तर ४२ लाच घेतलं' म्हणून कौंटी कर त्याच हिशेबानं लावेल अशा भ्रमात राहू नका. लिलावातला किंवा सक्तीच्या विक्रीतला भाव हा मूल्याचा निकष धरू नये, असं ओहायोचा कायदाच म्हणतो. आकारणी फार वाटली तर दर वर्षी ३१ मार्चपर्यंत बोर्ड ऑफ रिव्हिजनकडे (आकारणीच्या तक्रारी ऐकणाऱ्या कौंटीच्या मंडळाकडे) तक्रार करता येते. तिथे घराच्या दुरवस्थेचे फोटो उपयोगी पडतात. तेव्हा ताबा मिळाला की रंग लावायच्या आधी फोटो काढा.

सासूबाईंचं मी मुद्दाम मागे ठेवलं, त्यांचं म्हणणं उडवून लावायचं नव्हतं म्हणून. तळतळाट ही काही फक्त नाशिकची अंधश्रद्धा नाही. शेरीफच्या लिलावातल्या घरात पुष्कळदा माणसं राहत असतात. ते घर घेतलंत आणि ती निघाली नाहीत तर त्यांना बाहेर काढण्याचा हुकूम तुम्हाला मागावा लागतो, तुमच्या नावानं. भाडेकरू असतील तर २००९ मध्ये झालेल्या आणि २०१८ मध्ये कायमच्या केलेल्या फेडरल कायद्यानं त्यांना निदान ९० दिवसांची नोटीस द्यावी लागते. ते तीन महिने रोज कामावर जाताना तुम्हाला कसं वाटेल, हे सासूबाईंनी न बघता ओळखलंय. त्या बाबतीत त्या बरोबर आहेत, आणि नवऱ्यानं हेरलेल्या दोन घरांविरुद्ध मला याहून मोठं कारण लागत नाही.

बँकेच्या रिकाम्या घराचं तसं नाही. तिथलं कुटुंब कधीच गेलंय. तुम्ही ते घेतलं नाही म्हणून ते परत येणार नाही. उलट आणखी दोन हिवाळे ते तसंच पडून राहिलं तर जे अजून तिथे टिकून आहेत त्या शेजाऱ्यांचं नुकसान होईल. सासूबाईंना सांगा की घर पडीक आहे आणि आपण तिथे दिवा लावणार आहोत. त्यांची समजूत पटेल. माझ्या सासूबाईंची तरी पटली होती, छताचं मात्र मी त्यांना अजूनही सांगितलेलं नाही.

एक शेवटचं. माझ्या त्या घराच्या फर्नेसवर, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या भट्टीवर, सर्व्हिस करणाऱ्याचं एक पिवळं कार्ड चिकटवलेलं होतं. त्यावर पेन्सिलीनं तारखा होत्या, दर वर्षी ऑक्टोबरात एक, न चुकता. २००६ पर्यंत. पुढच्या ओळी कोऱ्या. बँकेनं घर घेतलं २०१० मध्ये. म्हणजे त्या माणसाच्या हातातला पैसा घर जायच्या चार वर्षं आधीच आटला होता, आणि तेवढी वर्षं छपराकडे, गटारांकडे, नळांकडे कुणी बघितलं नव्हतं. ते कार्ड मी इन्स्पेक्शनच्या दिवशी वाचलं होतं, पण ते मला काय सांगतंय हे कळलं नव्हतं. तुम्ही तळघरात उतराल तेव्हा तसलं कार्ड शोधा. बहुतेक फर्नेसवर किंवा वॉटर हीटरवर असतं. त्यावरची शेवटची तारीख आणि बँकेनं घर घेतल्याची तारीख, दोन्ही मला कळवा. त्यावरून बँकेला आकडा किती सांगायचा ते आपण बघू.

– ताई